कडू करांद्याची खूण

वैशाखातल्या त्या सकाळी तांबडं फुटलं, कांडणगडाचा काळा कडा उजळला आणि पायथ्याच्या छावणीत निंबराव सरदारांची नौबत झडली. वेढ्याला पाचवा महिना लागला होता. गडावरचा अंबारखाना होळीलाच रिकामा झाला, तरी शिबंदी हटत नव्हती. कारण ठमाई ठाकरीण चोरवाटेने उतरून रानातले कडू करांदे खणून नेई. राख घालून उकडलेल्या चकत्या रात्रभर वाहत्या झऱ्यात ठेवल्या की कडूपणा आणि विष दोन्ही उतरे. ते खाऊन आवेने खंगलेले गडीसुद्धा पुन्हा तटावर उभे राहिले होते.

आज मात्र ठमाई टोपलीसकट सापडली.

निंबरावांनी एका कंदाचा घास घेतला आणि लगेच थुंकून टाकला. घसा खवखवून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे खाऊन लढतात?"

"खायाची रीत आसती, सरकार. तुमच्या आचाऱ्याला ती ठावं न्हाई."

"जागा दाखव. चार बिघे इनाम देतो. नाही दाखवलीस, तर उजवा हात तोडीन."

करांद्यांचे वेल केव्हाच वाळून झडले होते. जमिनीवर पानही नव्हतं. पावसाळ्यात वेल हिरवे असतानाच ठमाईने आणि तिच्या सुनेने जागोजागी तीन-तीन दगड मांडून खूण केली होती. सून गडावर होती. ठमाई गप्प राहिली, तर सून खणत राहणार आणि गड तगणार. बोलली, तर आठ दिवसांत दरवाजे उघडणार.

तेवढ्यात तिला सरदारांच्या तंबूतला चौरंग दिसला. उतारावर तो डुगडुगू नये म्हणून कुणीतरी तिथलेच दगड त्याच्या पायांखाली सरकवले होते. तिचेच तीन दगड.

तिने नजर डोंगराकडे वळवली आणि उजवा हात पुढे केला.

"घ्या. म्या डावखुरी हाये. डोंगर तुमच्या म्होरं हाये, खणा की."

हात तोडलेली म्हातारी जागा दाखवणार नाही, हे सरदार जाणून होते. हात न तोडता त्यांनी तिला उन्हात झाडाला बांधलं, जगेल एवढंच अन्नपाणी दिलं आणि बेलदारांना डोंगरावर घातलं. नऊ दिवस कुदळी चालल्या. निघाला तो मुरूम. दहाव्या दिवशी पश्चिमेला ढग दाटले, नदी भरून परतीची वाट तुटेल या धास्तीने छावणी उठली.

किल्लेदार दौलोजी खराडे स्वतः गड उतरले आणि त्यांनी ठमाईचे दोर कापले.

"ठमाई, काय हवं ते मागा."

"एक पहार द्या."

लटपटत ती तंबूच्या जागी गेली, तीन दगड बाजूला केले आणि खणू लागली. मांडीएवढा कंद वर आला. दौलोजींनी एकदा कंदाकडे, एकदा चौरंगाच्या पायांनी पडलेल्या खळग्यांकडे पाहिलं आणि ते मोठ्याने हसले.

ठमाईने कंदाचं डोकं कापून पुन्हा मातीत पुरलं. वर तीन दगड मांडले.

"हे कशाला?"

"डोकं मातीला परत दिलं की वेल फुटतो," ती म्हणाली. "पुन्यांदा कुणी वेढा घालाया आलं, तर लागंल."