डोळ्यांची आखणी

मृदुलेचा रात्रीचा डबा घरी राहिला, एवढंच निमित्त. २००५ चा नोव्हेंबर होता. त्या दिवसांत हॉलंडमधल्या लायडनला दुपार संपायच्या आतच दिवे लागतात. कालव्याच्या कडेनं, सायकली चुकवत, मी तिच्या म्युझियममध्ये पोचलो.

माझी मुलगी तिथे जुन्या कलावस्तूंची डागडुजी करायची. प्रदर्शनासाठी कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावरच्या एका म्युझियममधून पेट्या आल्या होत्या. कुठेही न शिकलेल्या माणसांनी केलेली कामं: पत्र्यावर रंगवलेल्या बोटी, बाटल्यांच्या झाकणांचे कोंबडे. तळघरात ओल्या लाकडाचा आणि मिठाचा वास कोंडला होता.

टेबलावर एक लाकडी माणूस बसला होता. हात गुडघ्यांवर, अंगाला बोटींना लावतात तो निळा तेलरंग. डोळ्यांच्या जागी नुसत्या गुळगुळीत खोबणी.

"याचा कारागीर कोळी होता," मृदुला म्हणाली. "आंधळा झाल्यावर कोरायला लागला. हे त्याचं शेवटचं काम. मग वारला."

"म्हणजे आखणी राहिली बिचाऱ्याची."

आम्ही मूळचे पेणचे. आमच्याकडे गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखतात, आणि डोळ्यांवाचून मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. माझा प्रबंधही मूर्तींच्या डोळ्यांवरच. म्हणून की काय, तो माणूस आम्हाला अपुरा वाटला. आंधळ्यानं स्वतःलाच कोरलं असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"आखू का? पोस्टरच्या फोटोपुरते," ती म्हणाली. "पाण्याचा रंग आहे, बाबा. ओल्या कापसानं निघतो."

"तुझ्या साहेबांना चालेल?"

"साहेब कधीच घरी गेले. या वेळेला इथे भूतसुद्धा थांबत नाही."

"मग आरसा तरी धर समोर. मूर्तीची पहिली नजर आरशावर घ्यायची असते, माणसावर नाही."

"बाबा, तुमचा प्रबंध संपला ना?" ती हसली.

खरंच, माझा तरी कुठे विश्वास होता?

तिचा हात तिच्या मूर्तिकार आजोबांचा. दोन बुबुळं, त्यांत उजेडाचे दोन ठिपके. शेवटचा ठिपका टेकला आणि तिचा कुंचला तसाच थांबला.

"बाबा, दिवे का घालवलेत?"

दिवे चालूच होते.

लायडनच्या डॉक्टरांना दोष सापडला नाही. युट्रेख्टच्याही नाही. डोळे निरोगी आहेत, म्हणाले. रंग मात्र ओल्या कापसानं निघेना. शेवटी मी तिला शेजारी बसवून त्या लाकडी डोळ्याला सुरी टेकवली.

"टोचतंय!" मृदुला किंचाळली.

सुरी माझ्या हातून खाली पडली.

प्रदर्शन संपलं, पेट्या परत निघाल्या. त्या दिवशी घरी बसल्याबसल्या ती म्हणाली, "बाबा, माझ्या तोंडावर फळी ठोकतायत." मग किती दिवस पूर्वीसारखाच नुसता अंधार. आणि पेट्या बेटावर पोचल्यावर एका संध्याकाळी, पहिल्यांदाच... "उजेड! मुलं वाकून बघतायत माझ्याकडे. एकीच्या वेणीत लाल मणी आहेत." मला ती कधीच पाहू शकली नाही. पण काहीतरी दिसतंय, यावर आम्ही समाधान मानलं. तिकडचं म्युझियम उघडण्याची ती रोज वाट पाहू लागली. मीही.

फेब्रुवारीतली सकाळ. मी तिच्या हातात चहाचा कप देत होतो. इथे नुकतं उजाडलं होतं, तिकडे बेटावर अजून रात्रच.

"बाबा... कुणीतरी आलंय."

"रखवालदार असेल."

"नाही. दिवा नाही लावला. खिडकीतल्या चांदण्यात दिसतोय, भिंत चाचपत येतोय... म्हातारा आहे. हातावर निळा रंग."

"मृदुले..."

"त्याला डोळे नाहीत, बाबा. मला हुडकतोय. दुसऱ्या हातात... छिन्नी आहे."

कप फुटला. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तिनं मान मागे ओढली, खुर्चीच्या पाठीपर्यंत.

तिचे हात माझ्या हातांत होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तरी तिच्या गालावरची कातडी दबली, चार बोटांएवढी. आणि ती बोटं सावकाश वर सरकू लागली.