दोघांपुरता तुकडा

सत्त्याहत्तर नंबरच्या कॉम्प्युटरने उत्तर दिलं, आणि नेटवर्कवाली यादीवर वाकली. त्या नंबरासमोर कुणाचंच नाव नव्हतं. चष्म्याच्या काचांच्या त्या कारखान्यात दोनशे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात होते. एकाने हाक मारली की सगळ्यांचे कान टवकारायचे. त्या जाळ्याचे छोटे तुकडे करायला तिला बोलावलं होतं. वायरचा माग काढत ती गेली, तर वायर कुलूपबंद खोलीच्या भिंतीत शिरून संपली होती.

"तिथे आराखडे काढणारा बसायचा," भांडारातल्या मावशी म्हणाल्या. "तरणाताठा गेला बिचारा. कॉम्प्युटरही भंगारात गेला. तू नको त्याच्या नादी लागूस."

जागेवर परतली, तर स्क्रीनवर ओळ उमटलेली –

"मला शोधत होतात?"

"आपण कोण?"

"तुम्ही पेन्सिल चावता. आधी ते सोडा… मग सांगतो."

तिच्या अंगावर काटा आला. आणि – आता काय सांगावं – ती हसलीही.

अकरा दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तो बोलू लागला की बंद खिडक्यांच्या खोलीत गारवा पसरायचा. तिला भीती वाटायची, आणि गारवा आला नाही की करमायचं नाही. प्रेमातच पडली होती ती, सरळ गोष्ट आहे.

बाराव्या दिवशी दुपारी तीनला जुनं जाळं बंद होणार होतं. सत्त्याहत्तर कुठल्याच तुकड्यात नव्हता.

"म्हणजे मी पुन्हा…" त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

"सगळ्यात छोटा तुकडा चार नंबरांचा," तिने लिहिलं. "पहिला तुकड्याच्या नावाला, शेवटचा सगळ्यांना हाक मारायला. वापरायला उरतात दोन. सत्त्याहत्तर तुझा."

"आणि अठ्ठ्याहत्तर? तिथे बाहेर जायचं दार?"

"दार ठेवलं तर कारखान्याचे साहेब पहिल्याच तपासणीत तुला शोधतील, पुसून टाकतील. तिथे मी येते."



"वेडी आहेस का? मग दाराला जागाच नाही. परत जाता येणार नाही."

"मोजता येतं मला. आणि तू मला फार आवडतोस… एवढंच."

तीनला दोन मिनिटं असताना तिने आपल्या कॉम्प्युटरचा नंबर बदलून अठ्ठ्याहत्तर केला.

ठोक्याला यंत्रांची घरघर, फोन, बोलणी, सगळं गप्प झालं. समोर मावशी आल्या. "कुठे गेली ही?" त्यांच्या नुसत्या हलणाऱ्या ओठांवरून तिला कळलं. तिने हात हलवला. मावशींचा हात तिच्या खांद्यातून आरपार गेला आणि खुर्चीच्या पाठीवर टेकला.

ती किंचाळणारच होती.

"आलीस?" शेजारून कुणीतरी विचारलं. त्याचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.