दोनदा हळू, एकदा जोरात

कोबा खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, रेतीचा ट्रॅक्टरवाला तर बोलतोच बोलतो, पण कोबा नाही. हातोडी घ्यायची, दोनदा हळू मारायची, एकदा जोरात. सिमेंट भरीव असलं की टण् वाजतं, खाली पोकळ असलं की भद्द. बावीस वर्षं झाली, ब्रह्मपुरी तालुक्यात मी हेच करतो. घरांचे कोबे घालतो आणि दुसऱ्यांनी घालून ठेवलेले घोळ निस्तरतो. हाताला सवयच तशी लागली. स्वतःच्या घराचं दारसुद्धा मी तसंच ठोकायचो, आणि माझी बायको रीना आतून "आली, आली" करत यायची.

त्या वर्षी वैनगंगेचा पूर नदीकाठच्या गावांत चार दिवस बसून राहिला. पाणी उतरलं आणि माझा फोन वाजायचा थांबेना. देवाजीभाऊंचा आला तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं, कारण त्यांच्या घरचा कोबा मीच घातला होता.

"तुया कोबा बोंबलला, राजदीप," ते म्हणाले. "येऊन पाय. अन् तोंड घेऊन नको येऊ, हातोडी घेऊन ये."

देवाजीभाऊ म्हणजे जन्मभर नदीत डोंगा घालून मासे धरलेला धिवर माणूस, सत्तरीचा, बोलायला आधीपासूनच तिखट. बायको गेलेली, मुलगा सुनिल पुण्याला कंपनीत. घरात सून करिश्मा, आठवा महिना लागलेली. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उतरायची बंदी केली होती. जीपमध्ये बसवून हलवायचं तर नावच नको. पुराचे चार दिवस तिला खाटेसकट डोंग्यातून उंचावरच्या शाळेत नेऊन ठेवलं होतं. हे एक तरी हाती लागावं, एवढ्यावरच ते घर श्वास धरून होतं.

मी गेलो तेव्हा भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती आणि घरभर कुजलेल्या शेवाळाचा वास. मी दारापासून ठोकायला सुरुवात केली. उंबऱ्याच्या आत हातभरावर भद्द वाजलं. खडूनं कड आखत गेलो. साधारण सुपाएवढी जागा, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला खाच. सिमेंटच्या रिकाम्या थैलीतून त्याच मापाचा तुकडा कापून घेतला, तेवढाच भाग फोडायचा म्हणून.

"पुरानं खालचा मुरूम ओढला असन," मी म्हणालो. "एका दिवसाचं काम आहे."

फोडलं. चार इंच सिमेंट, दगडासारखं. त्याखाली मुरूम, मीच धुम्मस मारून दाबलेला, जसाच्या तसा. सळई टोचून पाहिली, आत जाईना. पोकळी नव्हतीच.

"का सापडलं?" देवाजीभाऊंनी खाटल्यावरून विचारलं.

"काई नाई."

"मग फोडला काऊन?"

असा राग आला म्हणून सांगू! पण गुमान खड्डा भरला, घोटला, वर ओलं बारदान टाकलं आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी ठिगळ पाहायला गेलो. टण्. मनातून बरं वाटलं. सवयीनं दोन हात पुढं हातोडी मारली, तर भद्द. परवा हीच जागा भरीव होती, माझ्या कानानं ऐकलेली. खडूनं कड आखली आणि थैलीतला तुकडा त्यावर ठेवला. टोक टोकावर बसलं, खाच खाचेवर. तुकडा फेकायचा राहिला होता एवढंच, नाहीतर मीही स्वतःला वेड्यात काढलं असतं.

आता माझा स्वभाव असा, की काम चुकलं म्हणण्यापेक्षा मी दहा वेळा तपासेन. मी गुडघ्यावर बसलो आणि सगळं घर ठोकून काढलं. पुढची खोली, मधला उंबरा, आतली खोली, पार करिश्माच्या खाटेखालपर्यंत. बाकी सगळीकडे टण्. ती बिचारी कुशीवर वळून बघत होती.

"झोप निवांत," मी तिला म्हणालो. "तुयाखाली दगड आहे, दगड."

देवाजीभाऊ दारात उभे होते. "इतकं ठोकू नको," ते म्हणाले.

"मले माया काम शिकवू नका, भाऊ," मी म्हणालो. आज ते शब्द आठवले की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. थैलीचा तुकडा ज्या जागेवर बसला होता ती आता भरीव वाजत होती. पोकळ वाजली ती मधल्या उंबऱ्याजवळ. आतून करिश्मानं हाक मारली.

"भाऊ, काल दुपारून तुम्ही परत आले होते का?"

"नाई. काऊन?"

"ठोकून राह्यलं होतं कोणीतरी. तुमच्यासारखंच. दोनदा हळू, एकदा जोरात." तिनं जमिनीकडं बोट केलं. "खालून."

मी हातोडी उचलली, तसा देवाजीभाऊंनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून डोंग्याचा जोर होता.

"ठेव खाली! आम्ही डोंग्यात बसून फळी ठोकतो, ठाऊक आहे ना तुले? आवाजानं मासे पळतात अन् जाळ्यात जातात. पळतात, समजलं? पण कधी एखादं असते, पळत नाई. आवाजाकडे येते. तसं झालं का आम्ही फळी ठेवून देतो, जाळं तिथीच सोडतो, अन् घरी येतो. मांगं कोणी पाहत नाई."

"मोठा मासा असन."

"मासा नसते ते."

"मंग काय असते?"

"थांबून पाह्यलं असतं कोणी, तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "चार दिवस नदी या घरात होती. जाताना सारं घेऊन गेली का, कोणाले ठाऊक? अन् तू काल दारापासून खाटेपर्यंत ठोकत गेला. रस्ता दाखवला तू त्याले."

मी भूतबित मानणारा नाही. आमच्या घरात कधी कोणी अंगारा लावला नाही. मी काहीतरी टाकून बोलणार होतो, तेवढ्यात करिश्मा ओरडली.

"बाबा! बाळ हालत नाई. सकाळपासून हालत नाई."

देवाजीभाऊ फोनकडे धावले. दवाखान्याची गाडी तासाभरानं येणार होती. मी आत गेलो, खाटेखाली वाकलो आणि बोटाच्या पेरानं, अगदी हळू, वाजवून पाहिलं.

भद्द.

बरोबर तिच्या पोटाखाली.

खालून उत्तर आलं. दोनदा हळू, एकदा जोरात. खाटेचे पाय थरथरले आणि करिश्मानं दोन्ही हात पोटावर दाबले.

त्या वेळी मला एवढंच सुचलं, की हे माझ्यामागं आलं आहे, तर माझ्याचमागं जाईल.

खाटेपासून हातभर मागं सरकून मी हातोडी मारली. टण्. थांबलो. पुन्हा त्याच जागी मारली. भद्द.

आलं.

"ये," मी म्हणालो. "ये लेका, इकडं ये."

गुडघ्यावर, मागं मागं. मधला उंबरा. पुढची खोली. माझं ठिगळ. प्रत्येक जागा आधी टण् वाजे, मग भद्द. दाराबाहेर मीच केलेला सिमेंटचा उतार होता आणि उताराला लागून पंचायतीचा सिमेंट रस्ता, सरळ नदीच्या घाटापर्यंत. भर उन्हात मी त्या रस्त्यावर रांगत, ठोकत निघालो. पानठेल्यावरची माणसं हसली. एकानं मोबाईल काढला. काढू दे म्हटलं.

अर्ध्या रस्त्यात त्याला माझा वेग पुरेना. मी मारायच्या आधीच खालून ठोका यायला लागला. गुडघ्याखाली. मग तळहाताखाली.

गुडघे सोलले होते. मी थांबलो नाही.

घाटाच्या अलीकडे सिमेंट संपतं आणि मुरूम लागतो. मी मुरमावर उडी मारली आणि हातोडी लांब फेकली.

सिमेंटच्या शेवटच्या कडेतून आवाज आला. दोनदा हळू, एकदा जोरात.

मग थांबला. उत्तराची वाट पाहत असावं.

मी तोंडावर हात दाबून बसलो. पुन्हा आला. मी काही केलं नाही. तिसऱ्यांदा आला तो इतक्या जोरात, की कडेचा टवका उडून माझ्या पायाशी पडला. त्यानंतर शांत झालं, आणि मागून देवाजीभाऊ धापा टाकत आले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"हाललं, राजदीप! लाथा मारून राह्यलं!"

मुलगी झाली, पावणेतीन किलोची. नाव संघप्रिया ठेवलं, आता दोन वर्षांची आहे आणि घरभर धावते, त्याच कोब्यावर. देवाजीभाऊ मला अजून शिव्याच देतात, पण जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

मी तेव्हापासून ठोकणं सोडलं. पाणी शिंपडून डाग पाहतो, काहीही करतो, पण हातोडी मारून पाहत नाही. घराच्या दारालाही बेल बसवून घेतली. बाकी मधल्या काळात रस्ते मात्र झपाट्यानं झाले. त्या गावचा सिमेंट रस्ता मुरूम ओलांडून मोठ्या रस्त्याला मिळाला, मोठा रस्ता, तोही सिमेंटचाच, ब्रह्मपुरीला, आणि मागच्या महिन्यात तिथली आमची गल्लीही सिमेंटची झाली, दारापर्यंत. त्याचं मला बरंच वाटलं होतं.

काल दुपारी लवकर घरी आलो. बेल वाजवली. रीनानं दार उघडलं आणि हसत पुन्हा सैपाकखोलीत जाऊन पोळ्या लाटायला खाली बसली.

"आज बरी बेल वाजवली," ती म्हणाली. "नाईतर रोज दुपारून ठोकता अन् मी दारात येईपर्यंत पळून जाता. पोरखेळ आहे का?"

"मी दुपारून येतच नाही," मी म्हणालो.

"हो का! मंग दोनदा हळू, एकदा जोरात कोण ठोकते? पहिले दारात वाजे. आता चार दिवस झाले, इथीच वाजते, मायाजवळ. काय लपून बसता, ठाऊक नाई. मी पण सोडत नाई, उत्तर देते. असं."

मी "नको" म्हणेपर्यंत तिनं लाटणं उलटं धरून कोब्यावर दोनदा हळू मारलं होतं.

तिसरा ठोका तिनं मारायच्या आधीच आला.