दहा वाजताचा 'ठीक'

मोबाइल पालथे घाला सगळ्यांनी. कुणाचा वाजला तर गोष्ट तिथंच बंद, आणि मी चाललो घरी. दात काढू नका रे. ज्या माणसाची ही गोष्ट आहे, तो वीस वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खायचा. ऐकीव नाही ही.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे नऊ चाळीस. मी जेवून हात धुतो न धुतो तोच फोन आला. "काका, पंपहाऊसला येता का? मॉडेम बिघडलाय बहुतेक." काम साधं. पिशवीत टेस्टर टाकला, बॅटरी घेतली, निघालो.

फोन करणारा आमचा इलेक्ट्रिशियन. आमच्या नियमबुवाचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. नियमबुवा म्हणजे तिथला पंप ऑपरेटर. नाव वेगळं होतं, पण चप्पल काढायचीसुद्धा त्याची जागा ठरलेली, म्हणून नियमबुवा. मेव्हण्याला त्यानंच कामाला लावला आणि माझ्या गळ्यात मारला. मीही जीव लावून शिकवलं. घरचा माणूस म्हणून.

आता मॉडेमचं ऐका. पंपाच्या बाजूला दीड पुरुष खोल खड्डा, त्यात व्हॉल्व्ह; तो फिरवायला बुवा शिडीनं खाली उतरायचा. गळती झाली की पाणी साठायचं, आणि मोटारीची वायरही तिथूनच गेलेली. म्हणून मी वर भिंतीला एक डबा बसवला होता. आत सिम, वर अँटेना. खड्ड्यात पाणी चढलं की मशीन आपणहून बुवाच्या फोनवर मेसेज टाकायचं: 'पाणी, अमुक सेंटीमीटर'. पाणी नसलं तर रात्री दहाला नुसतं 'ठीक', मशीन जिवंत आहे एवढं कळायला. या दोन गोष्टींपलीकडे त्याला काही बोलता येत नव्हतं. दहाचा 'ठीक' वाचल्याशिवाय बुवा शिडीला हात लावायचा नाही.

तो बुवा सप्टेंबरअखेर एका पहाटे त्याच खड्ड्यात सापडला. मांडीएवढं पाणी. शॉक लागलेला. शिडीवरून माणूस पाठमोरा उतरतो रे, खाली काय आहे ते आधी पायालाच कळतं. फोन खिशातच भिजून मेलेला, त्यातलं काही निघालं नाही.

बुवाच्या घरी माणसं जमली होती. मेव्हणा बहिणीच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजींचा डोळा लागला असेल गं ताई. झोपेत मेसेज बघितला नसेल." झालं! चौकशीतही तेच लिहिलं गेलं, ड्यूटीवर झोपला. अठ्ठावीस वर्षं पापणी न मिटलेला माणूस! वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच झोपले होते का हो भाऊजी?" आणि मी शहाणा काय म्हणालो असेन? "वहिनी, मशीन खोटं बोलत नाही." त्या दिवसापासून ती बाई मान खाली घालून चालायला लागली.

असो. मी पंपहाऊसला पोचलो. मेव्हणा दारातच उभा. घामानं निथळत होता. थंडीत.

"तीन रात्री झाल्या काका. माझ्या फोनवर येतंय." त्यानं फोन दाखवला. 'पाणी, १० सेंटीमीटर'. कुठल्या नंबरावरून ते काही दिसेना, वर त्याचा अंगठा.

मी बॅटरी मारली. खड्डा ठणठणीत कोरडा. तळाला धूळ.

"उतर, खालच्या सेन्सरची वायर हलवून बघ. मी डबा उघडतो."

तो नको नको म्हणत उतरला. फोन वर टेबलावर ठेवून गेला.

मी स्क्रू काढले. झाकण उघडलं. सिमची खाच...

रिकामी. आत कोळ्याचं जाळं. एक-दोन दिवसांचं नव्हे, महिन्यांचं.

फोन वाजला. 'पाणी, ६० सेंटीमीटर'. आता अंगठा नव्हता. नंबर या डब्याचाच. मीच घातलेलं सिम, मला पाठ होता.

"सिम कुठाय रे?"

खाली नुसता पाय घासल्याचा आवाज.

'९०'.

"अरे, सिम कुठाय?"

'१२०'.

मी वाकून बॅटरी मारली. तळाला धूळ. कोरडी. आणि हा... टाचा उचलून उभा. मान वर. हनुवटी छताकडे. ओठ घट्ट मिटलेले.

'१५०'.

हात नुसते हवेत. शिडी पुढ्यात होती. दिसत नव्हती त्याला.

'१६०'...

"मी काढलं!" तो किंचाळला. "काका, मी काढलं! त्याच फोनमध्ये आहे, दुसऱ्या खाचेत!"

फोन गप्प झाला. मी शिडीच्या चार पायऱ्या उतरलो, कॉलरला धरून त्याला शिडीवर घेतला आणि वर ओढला.

मग ओकला सगळं. ऑफिस दर महिन्याला रिचार्ज मारतं, मशीनला लागतात रोज दोन शब्द, उरलेला डेटा फुकट जातो, म्हणून यानं सिम काढलं. मॅच बघायला! आणि बुवाला संशय नको म्हणून रात्री दहाचा 'ठीक' आपल्या फोनवर लावून ठेवला. रोज त्याच सिमवरून आपोआप जायचा.

"त्या रात्रीही गेला?"

त्यानं मान डोलावली.

मी कानाखाली आवाज काढला. "चल. आत्ता ताईच्या पायावर डोकं ठेव आणि सांग."

त्यानं तोंड पुसलं. श्वास घेतला. आणि मी शिकवलेला, माझ्या ताटात जेवलेला माणूस मला म्हणाला, "काका, दर महिन्याच्या तपासणीवर सही तुमची आहे."

खरं होतं. 'मी बघितलंय काका, तुम्ही नुसती सही करा', असं तो म्हणायचा आणि मी डबा न उघडता करायचो. रोज 'ठीक' येतोय म्हटल्यावर उघडायचं कशाला? भीतीपोटी त्यानं मला बोलावलं, तेही मी डबा उघडणार नाही या भरवशावर.

मी काही बोलायच्या आत त्यानं सिम काढलं, पक्कडीनं दोन तुकडे केले, जमिनीवर टाकले आणि निघून गेला. तेव्हा अकराला दहा कमी होते. तुकडे मी उचलून खिशात घातले.

रात्रभर झोप नाही. सही आठवायची, मग बुवा आठवायचा. उजाडल्यावर म्हटलं, नोकरी गेली खड्ड्यात, आणि वहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"वहिनी... तो... झोपला नव्हता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. दीड महिन्यानं त्यांची मान वर होती, आणि डोळ्यांत आग. "हा नंबर कुणाचा, तेवढं सांगा फक्त."

फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. नंबर त्या डब्याचा. त्यांचा नंबर त्या मशीनला कधी दिलाच नव्हता. वेळ रात्री बारा बावीस. तेव्हा सिमचे दोन तुकडे माझ्या शर्टाच्या खिशात होते.

सगळं सांगितलं मी. सहीसकट. भावाला त्यांनी परत उंबरा चढू दिला नाही.

मेसेज अजून आहे त्यांच्या फोनमध्ये. एवढाच.

'झोपलो नव्हतो.'