उष्टा घास

सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके चमकत होते. डॉ. नंदन पाटणकरांनी डोळा बाजूला घेतला, काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. ठिपके होतेच. ती हिरवी चमक त्यांनीच आपल्या जीवाणूला ओळख म्हणून दिली होती.

हा जीवाणू म्हणजे 'उधळ्या'. आतड्यात बसून माणसाने खाल्लेल्या अन्नातली निम्मी ऊर्जा तो नुसती उष्णता करून उडवतो. रोज एक गोळी चघळा आणि हवं ते चापा! पाच वर्षांत जगभरातली शहरं सडपातळ झाली, मधुमेहाची इस्पितळं ओस पडली. खाणं मात्र कुणाचंच कमी झालं नाही. उलट दुप्पट झालं आणि धान्य महागलं, पण ते महागणं शहरांना जाणवलं नाही.

"हे नमुने कुठले?" त्यांनी विचारलं.

"माझ्या पोषण केंद्रातल्या मुलांचे," समोर बसलेल्या डॉ. सुगंधा कोवे म्हणाल्या. त्या गडचिरोलीहून बर्फाची पेटी मांडीवर घेऊन आल्या होत्या. "पोटभर जेवतात, सर. मी स्वतः भरवते. तरी झिजत चाललीत. चार गेली."

"अशक्य आहे. उधळ्या संसर्गजन्य नाही. आपल्या आतड्यात जुन्या जीवाणूंची दाट वस्ती असते. ती त्याला टिकू देत नाही, म्हणून तर गोळी रोज घ्यावी लागते."

"आणि वस्तीच नसेल तर?"

पाटणकरांनी पुन्हा काचेकडे पाहिलं. उपासमारीने आणि हगवणीने रिकामं झालेलं आतडं म्हणजे मोकळं रान. तिथे जो पहिला पोचेल, तो कायमचा मालक.

"पण तिथे गोळी घेतं कोण?"

"तिथे कुणीच नाही. पण केंद्राच्या उद्‌घाटनाला शहरातून पाहुणे आले होते, रोज गोळी घेणारे. जेवण चांगलं आहे हे दाखवायला प्रत्येकाने एक घास स्वतः चाखला आणि त्याच चमच्याने पुढचा मुलांना भरवला. फोटोसाठी. टाळ्या मीही वाजवल्या. सर, औषध द्या. प्रतिजैविक द्या काहीतरी."

"एकही लागू पडणार नाही." पाटणकरांनी मान खाली घातली. "आजारपणात श्रीमंत रोग्यांचा उधळ्या मरू नये, म्हणून मीच त्याला सगळ्या प्रतिजैविकांपासून अभय दिलं. या कामाबद्दल मला पदकही मिळालंय."

कोवेबाईंनी पेटीचं झाकण लावलं.

तेवढ्यात पाटणकरांचा फोन वाजला. पुण्याहून धाकटी बहीण मृणाल बोलत होती. तिची ईरा सात महिन्यांची. गेल्याच महिन्यात तिचं उष्टावण झालं होतं. मामाचा मान म्हणून पाटणकर मुद्दाम गेले होते. खीर गरम तर नाही ना, हे त्यांनी आधी स्वतःच्या जिभेवर पाहिलं होतं आणि मग तोच चांदीचा चमचा तिच्या ओठांना लावला होता. गोळी ते सकाळी न चुकता घेत.

तान्ह्या बाळाच्या आतड्यात अजून धड वस्ती झालेली नसते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"दादा, तुझ्या हाताला काय गुण आहे रे!" मृणाल हसत होती. "तू भरवल्यापासून पोरगी कशालाच नाही म्हणत नाही. वाटीभर खिमटी संपवते आणि पुन्हा आ करते."

"मृणाल," त्यांनी कसंबसं विचारलं, "वजन?"

"तेच तर विचारायला फोन केला. आमचा वजनकाटा बिघडलाय का रे? दर आठवड्याला कमीच दाखवतोय."