व्यक्तिशः ओळखते

"तुम्ही कापड्याच्या शाळेत होतात ना, बाई? मग मला ओळखता असं म्हणा. एवढंच."

पोलादपूरच्या रजिस्ट्रार कचेरीत, पंख्याखालची जागा सोडून एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस उज्वलासमोर येऊन उभा राहिला होता. ती आली होती स्वतःच्या घराच्या कागदाची नक्कल घ्यायला. या माणसाला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"पण मी तुम्हाला ओळखत नाही."

"खरंय. पण ज्याला ओळख द्यायची होती तो माझा चुलतभाऊ आत्ताच भांडून निघून गेला. आणि माझा नंबर... आलाच बघा."

नंबर खरंच पुकारला गेला. चौतीस वर्षं पोरांकडून 'नेहमी खरे बोलावे' गिरवून घेतलेली बाई साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. 'दस्त करून देणाऱ्यास आम्ही व्यक्तिशः ओळखतो' या ओळीखाली वकिलाच्या कारकुनानं आधीच सही ठोकली होती, दुसऱ्या ओळखदाराची जागा तेवढी रिकामी होती.

"ओळखता ना, बाई?" साहेबांनी विचारलं.

त्या माणसानं तिच्याकडं पाहिलं. नाही म्हणणं जिवावर यावं असे डोळे...

"ओळखते," ती म्हणाली, रिकाम्या जागी सही केली आणि कानापर्यंत लाल झाली.

बाहेर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "नाव काय तुमचं?"

"सही करताना वाचलं नाहीत?"

"चष्मा पर्समध्ये होता."

तो इतका हसला की झाडाखालचे टायपिस्ट वळून बघायला लागले.

त्याचं नाव अरविंद. जहाजावरचा इंजिनीअर, नुकताच निवृत्त. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कापड्याचं घर विकून तो मॉरिशसमध्ये घर घेत होता. आज नुसता साठेकरार, म्हणजे विक्रीचा मुदतबंद वायदा, झाला होता. एप्रिलच्या शेवटी खरेदीखत, मग विमान — आणि तेही कायमचं.

"त्या दिवशी तुम्हीच या," तो म्हणाला. "भावकीतलं कुणी फिरकणार नाही. आणि तोवर तुमची खोटी सही खरी करायला हवी. बाईंच्या डोक्यावर पाप नको."

"कशी करणार?"

"रोज थोडा थोडा ओळखू येईन."

रोज नाही, पण दर रविवारी तो उज्वलाच्या ओटीवर येऊन बसू लागला. कधी पानाच्या द्रोणात करवंदं आणायचा, कधी रिकाम्या हातानं यायचा. प्रत्येक वेळी स्वतःविषयी एक गोष्ट सांगायचा, धडा म्हणून दाखवावा तशी. पाल दिसली की तो खुर्चीवर चढतो. चाळीस वर्षं जहाजाच्या पोटात काढली, जिथं खिडकी नसते. "आता समुद्र दिसावा, बाई... पण घर हलू नये."

ती विधवा होऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा मंगेश मुंबईला. पेन्शन, परसातला पेरू आणि शेजारणी एवढ्यात दिवस भरून जातो, असं ती सगळ्यांना सांगायची. आता रविवारी सकाळपासून तिचे कान फाटकाच्या कडीकडं लागायचे आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग यायचा.

एकदा त्यानं नव्या घराचा नकाशा पसरला.

"एकट्याला दोन खोल्या कशाला?" तिनं विचारलं.

"एक पाहुण्यांसाठी."

"कोण येणार पाहुणे?"

"अजून बोलावलं नाही..." तो नकाशाची घडी घालत म्हणाला. घडी तीनदा चुकली.

एका रविवारी शिवथरघळीच्या पायऱ्या उतरताना त्यानं हात पुढं केला, तिनं धरला. पायऱ्या संपल्या तरी सोडायचं दोघांनाही सुचलं नाही. बोललं मात्र कुणीच नाही. तिला वाटायचं, एकसष्टाव्या वर्षी बाईनं असं बोलायचं असतं का? लोक शेण घालतील तोंडात. त्याला काय वाटायचं, कोण जाणे. एप्रिल मात्र सरत चालला.

खरेदीखताच्या आदल्या सकाळी तो भांडलेला चुलतभाऊ, दत्ताराम, तिच्या ओटीवर येऊन टेकला.

"म्या त्याला बोललो, तिकडं मेलास तर खांदा कोन देनार रे? ऐकत नाय. पन बाई, उद्या तुमी गेलाव नाय तर खरेदी व्हनार नाय. मुदत संपली का गिऱ्हाईक जातंय दुसरीकडं. मंग ऱ्हाईल तो हितंच." जरा थांबून तो हळूच म्हणाला, "तुमाला बी त्येच पायजे हाय ना?"

तिनं त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाची वेळ होती. उज्वला इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसून राहिली. फोन वाजला, थांबला. पुन्हा वाजला. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं... आणि तो तिचा! अकरा वाजले. साडेअकराला फोन वाजायचाही थांबला. मग त्या शांततेत तिला वाटलं, बिनखिडकीची चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची खिडकी आपण बंद करतोय. वर जन्मभर त्याच्यासमोर बसून ते लपवायचं? ती उठली. रिक्षावाल्यानं कितीही वेग घेतला तरी तिला तो कमीच वाटला.

जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना तिनं चष्मा लावला, ती ओळ नीट वाचली आणि सही केली. सही करताना डोळे भरून आले, ते तिनं चष्म्यावर ढकललं.

"एवढा उशीर का?" बाहेर अरविंदनं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुम्ही जाऊ नये म्हणून घरी बसले होते," ती म्हणाली. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं! "तुमच्याशिवाय मला करमणार नाही. पण तुम्हाला अडवायचं नव्हतं."

तो तिच्याकडं बघतच राहिला. "आणि मी आत बसून देवाला सांगत होतो, बाई येऊ नयेत."

"काय?"

"म्हणजे राहायला निमित्त मिळालं असतं."

"मग तोंडानं सांगायचं ना!"

"तुम्ही सांगितलंत?"

दोघं एकमेकांवर चिडून उभे राहिले. बैल गेला नि झोपा केला! घराची किल्ली घेऊन गिऱ्हाईक एव्हाना निघून गेलं होतं.

"उज्वला," तो म्हणाला. नावानं पहिल्यांदाच. "चला माझ्याबरोबर. लग्न करून."

"माझी पेन्शन... दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला..."

"दर नोव्हेंबरात येऊ."

"मला तिथली भाषा येत नाही."

"मला तरी कुठं येते?"

"आणि तुम्ही माझ्या आधी गेलात तर?"

"तर परत यायचं. तुमचं पोलादपूरचं घर विकायचं नाही. ते तुमच्यासाठी राहील."

तिनं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "मंगेशला तुम्ही सांगा. मला लाज वाटते."

"नमस्कार... मी अरविंद," तो म्हणाला. "म्हणजे तुमच्या आईंना मी... म्हणजे आम्ही..." भल्याभल्या इंजिनांना वठणीवर आणणारा माणूस घामानं डबडबला.

उज्वलानं फोन काढून घेतला. "मंगेश, मी लग्न करतेय. आणि मॉरिशसला राहायला जातेय."

अरविंदनं भर रस्त्यात तिचा हात धरला.

"आई," पलीकडून मंगेश म्हणाला, "तू मला विचारतेयस का?"

"नाही रे बाळा," ती म्हणाली, "सांगतेय."