चौदा खेपा

खाणीतलं पाणी उपसलं, तेव्हा तळच्या थरात लिफ्टच्या दाराशी पाच जण मेलेले सापडले. त्यांतला एक हजेरीमास्तरांचा धाकटा भाऊ.

"हाच पळाला त्यांना टाकून," म्हाताऱ्या लिफ्टवाल्याकडे बोट दाखवून मास्तर म्हणाले.

बाहेर माणसं खवळली होती. दोष लागला तर म्हातारा तुरुंगातच मरणार, हे चौकशीला आलेल्या अधिकारीबाईंना दिसत होतं. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"काका, खेपा किती केल्या?"

"चौदा. पाणी शिरल्यावर मास्तरांनी चिठ्ठी दिली, तीत होत्या तेवढ्या."

"खाली कुणी राहिलंय का, विचारलं नाही?"

"घंटेची तार तुटलेली. वरून काय कळणार?"

बाईंनी चिठ्ठी पाहिली. तीन थर, प्रत्येकी पंचेचाळीस. माणसं एकशे पस्तीस. लिफ्टमध्ये मावतात दहा. भागाकार तेरा, बाकी पाच. बाकीसाठी एक खेप जादा, म्हणजे चौदा. हिशेबात खोट नव्हती. बाईंची नजर पुन्हा 'प्रत्येकी पंचेचाळीस'वर गेली.

"पाचव्या खेपेला किती जण आले?"

"पाच. वरच्या थरात पाणी फुटलेलं, म्हणून आधी तो रिकामा केला."

"जागा होती, तर मधल्या थरातले का नाही घेतले?"

"एका खेपेला एकच थर, बाई. दार लागलं की वर आल्यावरच उघडतं."

"आणि दहाव्या खेपेला?"

"मधल्या थरातले शेवटचे. पाचच."

बाईंनी चिठ्ठी उचलली. त्यांनी मास्तरांना आत बोलावलं. वीस वर्षं हजेरीच्या खिडकीत बसलेला हा माणूस लिफ्टनं कधी खाली उतरलाच नव्हता.

"मास्तर, तुम्ही सगळ्यांना एकत्र भागलंत. बाकी प्रत्येक थरात उरत होती. पंचेचाळीस भागिले दहा, चार खेपा आणि बाकी पाच. म्हणजे थराला पाच खेपा, तीन थरांना पंधरा. वरच्या दोन थरांना दहा लागल्या. तळच्यांना चारच उरल्या. चाळीस वर आले. काकांनी तुमचा आकडा पाळला, एवढंच."

मास्तर मटकन खाली बसले. चिठ्ठीवरून बोट फिरवत त्यांनी पुन्हा भागाकार केला.

म्हातारा खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकला.

"मी तीनदा ताडून पाहिलं होतं हो," मास्तर त्याला म्हणाले. "धाकटा खाली होता म्हणून."